‘लाइन गेली’ : कुणीच न पुकारलेल्या बहिष्काराचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातले, दोनशेच्या आसपास उंबरठ्यांचे. ओळख पटू नये म्हणून तालुका आणि काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

कुटुंब सहा जणांचे. बहात्तर वर्षांचे आजोबा (गाव त्यांना आबाजी म्हणते), आजी, सेहेचाळीस वर्षांचा घरकर्ता, त्याची बायको, बावीस वर्षांचा मुलगा आणि सहावीतली मुलगी. सात एकर कोरडवाहू. चार एकरात सोयाबीन-तूर, तीन एकरात पऱ्हाटी (कापूस), दारात एक बैलजोडी. गावातल्या बहुसंख्य घरांच्याच जातीचे. हा शेवटचा तपशील पुढे कायद्याच्या अंगाने महत्त्वाचा ठरला.

चैत्रात, हनुमान जयंतीच्या तोंडावर, मंदिराच्या सभामंडपासाठी घरटी दोन हजार रुपये वर्गणी ठरली. बैठकीत घरकर्त्याने उभे राहून मागच्या तीन वर्षांच्या वर्गणीचा हिशोब मागितला. “हिशोब भिंतीले लावा, मी त्याच दिवशी पैसे देतो,” एवढेच तो बोलला. मंदिर समितीचे अध्यक्ष वजनदार गृहस्थ. गावातला एकमेव थ्रेशर त्यांचा, किराणा दुकान पुतण्याचे. ते चिडले नाहीत. उठता उठता म्हणाले, “ज्याले गावाचं पटत नाही, त्याचं गावाले काय काम?” बैठक मोडली. ठराव झाला नाही, दवंडी पिटली नाही, कुणी कुणाला बजावलेही नाही.

पुढचे सहा महिने या एका वाक्यावर उभे आहेत, आणि त्या वाक्यात बहिष्कार हा शब्द नाही.

घडत काय गेले

एप्रिलच्या अखेरीस गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मुलाचा नंबर निघाला. मे महिन्यात भावकीतल्या लग्नाची पत्रिका आली नाही. विचारल्यावर “पोरानं टाकली असन, वाऱ्यानं उडाली असन” असे उत्तर आले. जूनमध्ये पेरणीचा ट्रॅक्टर ‘उद्या येतो’ म्हणत चार दिवस उशिरा लागला, तोवर वाफसा निघून गेला होता. जुलैत निंदणाची बायांची टोळी आदल्या संध्याकाळी नाही म्हणाली, दोन वेळा. भजन मंडळात आबाजी तीस वर्षे खंजिरी वाजवत. एका गुरुवारी ते पोचले तर खंजिरी दुसऱ्याच्या हातात होती आणि त्यांच्या जागेवर सतरंजीची घडी ठेवलेली. कुणी उठ म्हटले नाही, कुणी बस म्हटले नाही. ते दारातून परतले.

चक्कीवरचा प्रसंग घरच्या बाईने नंतर तारखेसह लिहून ठेवला. सकाळी साडेनऊची वेळ, दहा किलो गव्हाचा डब्बा, रांगेत पाच डब्बे, तिचा तिसरा. चक्कीवाल्याने पहिले दोन दळले, तिसरा पायाने बाजूला सारला, चौथा उचलला आणि पुन्हा खाली ठेवत म्हणाला, “लाइन गेली, वहिनी. उद्या पाहा.” त्याच्या डोक्यावरचा बल्ब सुरू होता. ती डब्बा कमरेवर घेऊन निघाली आणि पारापर्यंत पोचायच्या आत मागून पट्ट्याचा आवाज सुरू झाला. त्यानंतर या घराचे दळण तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी, तेरा किलोमीटरवर होऊ लागले.

पोळ्याला सगळे उघड्यावर आले. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या (पोळ्याची गाणी) झाल्या, पण या घराच्या जोडीशेजारी दोन जोड्या मावतील एवढी जागा मोकळीच राहिली. तोरण सुटल्यावर मुलगा बैल घेऊन घरोघर फिरला. दरवर्षी पस्तीस-चाळीस दारांत पूजा होऊन बोजारा (ओवाळणी) मिळतो. या वर्षी दोनच दारे उघडली.

यातल्या प्रत्येक गोष्टीला एकेक सबब होती, आणि सुटी सुटी घेतली तर प्रत्येक सबब खरी असू शकली असती. न पुकारलेल्या बहिष्काराची खरी धार इथे असते. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून माणसाला हद्दपार करत. त्या खापराच्या ग्रीक नावावरूनच इंग्रजीतला ‘ऑस्ट्रॅसिझम’ हा बहिष्काराचा शब्द आला. पण तिथे मते मोजली जात आणि मुदत दहा वर्षांची ठरलेली असे. इथे मोजणी नाही, मुदत नाही, आणि दाद मागायची तर कुणाकडे हेही कळत नाही.

या काळात घराने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही अंगलट आल्या. जूनमध्ये घरकर्ता पाकिटात चार हजार रुपये, म्हणजे दुप्पट वर्गणी, घेऊन अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, “मी कुठं काही म्हटलं? तुमच्या मनात आहे ते.” पाकीट परत आले. जुलैत, चक्कीच्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी, मुलगा चक्कीवर गेला, शिवीगाळ झाली, धक्काबुक्की झाली, दोन डब्बे उलटले. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. त्या दिवसापासून गावाकडे कारण आले: “पाहा, ते घरच तसं आहे.”

पोळ्यानंतर आठवड्याने बाईच्या भावाने तालुक्याच्या एका समुपदेशन केंद्राशी संपर्क केला. केंद्रातर्फे एक समुपदेशक आणि एक कार्यकर्ती यांनी हे प्रकरण घेतले.

अडचण कुठे होती

सुरुवातीला केंद्राने हे ‘अध्यक्ष विरुद्ध घरकर्ता’ असे भांडण समजून घेतले. ती समजूत चुकली. ती का चुकली हे समजायला या विषयावरचे प्रयोग उपयोगी पडतात.

बहिष्कारावर सर्वांत सलग काम करणारा सामाजिक मानसशास्त्रज्ञ म्हणजे किपलिंग विल्यम्स. बागेत बसलेला असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्याच्याकडे आली, त्याने परत फेकली, थोडा वेळ तिघे खेळले आणि मग त्या दोघांनी त्याच्याकडे फेकणे थांबवले. एवढ्याशा गोष्टीने आपल्याला इतके का लागावे, या प्रश्नातून पुढे ‘सायबरबॉल’ हा संगणकावरचा चेंडूफेकीचा खेळ तयार झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या इंटरनेटवरच्या अभ्यासात ६२ देशांतले १,४८६ लोक होते. ज्यांच्याकडे चेंडू कमी आला त्यांची मनःस्थिती तेवढी अधिक खालावली. २००४ मध्ये लिसा झॅड्रो आणि विल्यम्स यांनी सहभागींना आधीच सांगून टाकले की पलीकडे माणसे नाहीत, संगणकच चेंडू फेकतो आहे. तरी लागायचे ते लागलेच. २००७ मध्ये खेळाडू म्हणून कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे लोक असल्याचे भासवले; ज्यांची किळस यावी त्यांनी वगळले तरी पहिला चटका तेवढाच.

म्हणून नातेवाइकांचा “जाऊ दे ना, त्यांचं बोलनं कशाले पाहिजे तुले?” हा सल्ला निरुपयोगी ठरत होता. पहिला चटका विचार करून टळत नाही. विचार कामाला येतो तो त्यानंतर, सावरण्याच्या टप्प्यात.

विल्यम्सच्या मांडणीत बहिष्कार चार गरजांवर घाव घालतो: आपलेपणा, स्वाभिमान, आपल्या हातात काही असल्याची भावना, आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव. या घरात चारही घाव वेगवेगळ्या माणसांत दिसत होते. घरकर्ता आपलेपणा विकत घ्यायला निघाला होता. वगळलेली माणसे दुसऱ्यांच्या मागण्यांपुढे लवकर वाकतात, हे कार्टर-सोवेल, चेन आणि विल्यम्स यांनी २००८ मध्ये दाखवले आहे. दुप्पट वर्गणीचे पाकीट त्यातलेच. मुलाच्या हातून नियंत्रण सुटले होते. वॉरबर्टन, विल्यम्स आणि केर्न्स यांच्या २००६ च्या प्रयोगात वगळलेल्या लोकांना कर्कश आवाज ऐकवला. काहींना तो कधी सुरू करायचा हे ठरवता येत होते, काहींना नाही. नंतर सर्वांना एका अनोळखी माणसासाठी तिखट सॉस वाढायला सांगितले. वगळलेही गेले आणि हातात काहीच नव्हते, अशांनी बाकी गटांच्या चौपटीहून जास्त तिखट वाढले. (सावजीच्या मुलखात हे माप जरा जपून वाचावे, पण मुद्दा कळतो.) ज्यांना थोडेसे नियंत्रण परत मिळाले होते, ते न वगळलेल्यांपेक्षा जास्त आक्रमक झाले नाहीत.

आबाजींची गोष्ट वेगळी. ते ना चिडत होते ना विनवत होते. संध्याकाळी सात वाजता भजनाचा आवाज आला की मागच्या खोलीत जाऊन पडायचे. विल्यम्स तीन टप्पे सांगतो: तात्काळ वेदना, सावरण्याची धडपड, आणि वगळणे लांबत गेले तर शेवटी हार मानणे. घरातले पाच जण दुसऱ्या टप्प्यात होते, आबाजी तिसऱ्यात उतरत होते. केंद्राने हे नोंदवले, पण त्याला पुरेसे वजन दिले नाही.

आता गावाची बाजू. गावातल्या बहुतेकांना हे घर नकोसे झाले होते का? केंद्राने तसे गृहीत धरले, आणि पहिली मोठी चूक त्यातून झाली.

कोणते पर्याय समोर होते

माफी मागून वर्गणी भरणे हा घरच्यांना सोपा वाटणारा मार्ग. पण तो एकदा करून झाला होता. जे कुणी पुकारलेच नाही ते मागे घेणार कोण?

दुसरा मार्ग पोलीस तक्रारीचा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. मात्र हा कायदा एका समाजाच्या व्यक्तीने त्याच समाजाच्या व्यक्तीवर घातलेल्या बहिष्कारापुरता आहे. इथे दोन्ही बाजू एकाच जातीच्या, त्यामुळे ही अट पुरी होत होती. कच्चा दुवा पुराव्याचा. ‘लाइन गेली’ हा बहिष्कार आहे हे एका प्रसंगातून सिद्ध होत नाही. तीस प्रसंग तारखेनिशी मांडले तर होते.

हे घर अनुसूचित जाती किंवा जमातीचे असते आणि बहिष्कार टाकणारे त्याबाहेरचे, तर पुढे वर्णन केलेला सबुरीचा मार्ग मुळात सुचवायलाच नको होता. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या घराला ‘जरा समजुतीने घ्या’ असे सांगणे म्हणजे दाबणाऱ्याचे काम करणे.

तिसरा मार्ग गाव सोडण्याचा. बाईच्या माहेरी दोन खोल्या मोकळ्या होत्या. चार एकर सोयाबीन शेतात उभे असताना तो कुणी गंभीरपणे बोलला नाही, पण मुलीची शाळा बदलण्याचा विचार झाला होता.

चौथा, गावाला एकत्र बसवून बोलण्याचा. केंद्राने तो निवडला.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चावडीवर बैठक झाली. पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे लोक आणि चाळीसेक गावकरी. समुपदेशकाने प्रश्न सरळ विचारला: या घराशी गावाने व्यवहार बंद केला आहे का? पहिले अध्यक्ष बोलले. “आमच्या गावात असं काही नाही जी. ज्याले ज्याच्याशी बोलायचं तो बोलते.” मग दुसऱ्याने तेच म्हटले, तिसऱ्याने तेच. पंचवीस मिनिटांत बैठक आटोपली. त्या घराशी आतापर्यंत लपूनछपून बोलणाऱ्या शेजारणीने दुसऱ्या दिवसापासून तेही थांबवले.

सॉलोमन ॲश याचे १९५० च्या दशकातले प्रयोग आठवले असते तर बैठक अशी घेतली गेली नसती. त्याने रेघांच्या लांबीची तुलना करायला सांगितली. प्रश्न एवढा सोपा की एकटा माणूस सहसा चुकत नाही. पण आधी बोलणारे सगळे जण ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा खऱ्या सहभागींची एक-तृतीयांशाहून अधिक उत्तरे बहुमताकडे झुकली. उत्तर मोठ्याने देण्याऐवजी गुपचूप लिहायचे असेल तर हे झुकणे बरेच कमी होते. चावडीवर केंद्राने प्रश्न उघड विचारला, पहिले उत्तर सर्वांत वजनदार माणसाला देऊ दिले, आणि एकमत जाहीरपणे तयार करून गावाच्या हातात ठेवले. त्याआधी बहिष्कार हा नुसता अंदाज होता. आता त्यावर चाळीस जणांची मान हलली होती.

दुसरी, लहान वाटणारी चूक: केंद्राची पाटी लावलेली गाडी थेट त्या घरासमोर उभी राहिली. तिथून पुढे ‘त्यायनं बाहेरचे आनले’ ही गोष्ट सुरू झाली.

दुसरा प्रयत्न

चार दिवस काम थांबवून क्रम बदलला. आधी घर, मग गाव.

घरात पहिली गोष्ट थेट विचारण्याची: मरून जावे असे कुणाला वाटते का? कीटकनाशकाचे डबे कुठे असतात? विदर्भातल्या कुठल्याही शेतकरी घरात असा ताण दिसला तर हा प्रश्न टाळू नये; विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. फवारणीचे उरलेले तीन डबे बाईच्या भावाच्या गोदामात कुलपात गेले आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चौघांच्या फोनमध्ये भरला.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. दोनशे पानी वही बाईकडे दिली. प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी: तारीख-वेळ, जागा, कोण काय बोलले ते त्याच शब्दांत, तिथे आणखी कोण होते, आणि काही पुरावा असल्यास कॉलची नोंद किंवा स्क्रीनशॉट. ‘गावाने त्रास दिला’ असे वाक्य वहीत चालणार नाही, हे दोनदा समजवावे लागले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ल्यातून वही तपासून घेतली आणि तारीख ठरवली: पाच ऑक्टोबरपर्यंत सोंगणीला (कापणीला) माणसे मिळाली नाहीत तर तक्रार. या वहीचा न ठरवलेला फायदा असा झाला की बाईच्या हातात काहीतरी आले. मुलाचे काम वेगळे: चक्कीकडे जायचे नाही, आणि शेजारच्या गावांतल्या थ्रेशरचे दर व मोकळ्या तारखा काढायच्या. रागाला काम दिले, एवढेच.

मग गाव. आता कार्यकर्ती एकटी, एसटीने आणि पायी जायची. वही नाही, सोबत कुणी नाही. गाठ घरी न घेता शेतात, बांधावर, एसटीच्या थांब्यावर. वेळ पंधरा-वीस मिनिटे. सुरुवात पिकापासून. अध्यक्षांचे नाव स्वतःहून काढायचे नाही. प्रश्न दोनच, आणि क्रम पक्का. आधी ‘तुम्हाला स्वतःला हे कसं वाटते?’ आणि त्यानंतरच ‘गावातल्या बाकीच्यांना काय वाटत असन?’ उलट क्रमाने विचारले तर माणूस गावाचे उत्तर स्वतःचे म्हणून देतो.

अकरा दिवसांत तेवीस घरे झाली. सतरा घरांनी हे बरोबर नाही असे म्हटले. त्यातल्या जवळजवळ सर्वांनी पुढे हेही म्हटले की बाकी गाव मात्र अध्यक्षांच्या बाजूने आहे. एका शेतकऱ्याचे शब्द असे: “मले काही राग नाही त्यायचा. पन सगळे बोलत नाही, मी एकटा काहाले बोलू?” शेजारच्या बांधावरच्या माणसाने अर्ध्या तासाने तेच म्हटले, शब्दही जवळपास तेच.

मानसशास्त्रात या अवस्थेला ‘सामूहिक अज्ञान’ म्हणता येईल. प्रेन्टिस आणि मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारूबद्दलच्या मतांवर हीच गोष्ट दाखवली: प्रत्येकाला वाटत होते की आपल्यापेक्षा बाकीच्यांना ते सारे जास्त मान्य आहे. इथे दारूच्या जागी अबोला होता. आणि तो पाळणाऱ्यांनाही सुखाचा नव्हता. निकोल लेगेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सायबरबॉलमध्ये काहींना दुसऱ्याला वगळायला सांगितले. सांगितल्याप्रमाणे वगळणाऱ्यांची स्वतःची मनःस्थितीही बिघडली. चक्कीवाला हा त्या तेवीसांतला एक. तो बराच वेळ तुरीबद्दल बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बाई डब्बा घेऊन गेली ना, तवा मले जेवन गेलं नाही.”

आता काम मते बदलण्याचे राहिलेच नव्हते. मते बरोबर होती. ती एकमेकांना दिसत नव्हती.

तरी सतरा नावे जोडून पुन्हा बैठक घ्यायची नाही, हे ठरवले. लोकांनी खासगीत जे सांगितले ते चावडीवर उघडे केले असते तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडले नसते. पंधरा घरांचा आकडा ओलांडल्यावरच कार्यकर्तीने, नाव न घेता, पुढच्या माणसांना ‘तुमच्यासारखं म्हणणारी बरीच घरं आहेत’ असे सांगायला सुरुवात केली. त्याआधी सांगितले असते तर दोन-तीन घरांवर संशय गेला असता.

ॲशच्याच प्रयोगांतून पुढची पायरी सुचली. बहुमताविरुद्ध एकच सोबती खरे उत्तर देऊ लागला तर चुकीची उत्तरे आधीच्या सुमारे एक-चतुर्थांशावर येतात. पण तोच सोबती मधेच बहुमताकडे गेला तर दबाव पूर्ववत होतो. म्हणून एकावर विसंबायचे नाही, दोन शोधायचे, आणि त्यांना बोलायला नाही तर करायला सांगायचे.

पहिली व्यक्ती निंदण-सोंगणीच्या टोळीची म्होरकी बाई. अकरा बायांची टोळी. या घराचे काम सुटल्याने तिचाही रोज बुडाला होता. तिची अट स्पष्ट होती: “मी एकटी गेली तर उद्या मलेच कोनी कामाले सांगनार नाही.” दुसरा, त्या घराच्या धुऱ्याला (बांधाला) धुरा लागून पंधरा एकर असलेला तरुण शेतकरी. त्याला आपल्या सोंगणीसाठी हीच टोळी हवी होती. ठरले ते असे: टोळी आधी त्याच्या शेतात उतरेल, ते संपले की त्याच धुऱ्यावरून पलीकडे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला टोळी सकाळपासून तिथेच दिसेल. ‘त्यांच्याकडे गेली’ असा वेगळा क्षणच दिसणार नाही.

सोयाबीनचे वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही. शेंगा वाळून तडकू लागल्या की दाणा मातीत जातो, म्हणून मागेपुढे करायला जागा नव्हती. तीन ऑक्टोबरला दुपारी टोळी धुरा ओलांडून आली. चार एकर दोन दिवसांत सोंगून झाले, गंजी लागली, ताडपत्री पडली. पाच तारखेची तक्रार दाखल झाली नाही, पण वही बंदही केली नाही.

थ्रेशरसाठी मुलाने नऊ किलोमीटरवरचे यंत्र पोत्यामागे पन्नास रुपये जास्त देऊन सांगून ठेवले होते. ते यायच्या आदल्या सकाळी अध्यक्षांचा ड्रायव्हर यंत्र घेऊन गंजीजवळ उभा राहिला. मालकाने पाठवले का, असे विचारल्यावर म्हणाला, “मालक काही बोलले नाही.” जसे सुरू झाले होते तसेच.

परिणाम

पीक कमी आले. पेरणी वाफसा गेल्यावर आणि एक निंदण चुकलेले, त्यामुळे एकरी जेमतेम तीन क्विंटल. धुऱ्यापलीकडे पाचाच्या वर होते. हे नुकसान कुणी भरून दिले नाही.

दिवाळीनंतर मंदिराच्या भिंतीवर दोन वर्षांचा हिशोब लागला. घरकर्त्याने त्याच दिवशी दोन हजार रुपये भरले आणि पावती घेतली. चक्की, किराणा, नळावरचे बोलणे डिसेंबरपर्यंत रुळावर आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईला अकरा घरांतून बोलावणे आले. ती सहा घरी गेली. मुलाच्या हाती व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक कुणीतरी परत पाठवली. त्याने ती अजून उघडलेली नाही.

आबाजी भजनाला परतले नाहीत. मंडळाचे दोघे खंजिरी घेऊन घरी आले होते. “आता हात बसत नाही,” एवढेच ते म्हणाले.

वेगळे काय करता आले असते

चावडीची बैठक घ्यायलाच नको होती, निदान पहिल्या पंधरवड्यात तरी नाही. बैठक अटळ असेल तर वजनदार माणसाला शेवटी बोलू द्यावे आणि आधी चिठ्ठीवर उत्तरे घ्यावीत.

आबाजींपासून सुरुवात करायला हवी होती. घरात जो सर्वांत कमी त्रास देतो तो सर्वांत बरा आहे असे धरले गेले. चिडणारा मुलगा आणि रडणारी सून डोळ्यांत भरतात. गप्प म्हातारा भरत नाही. सप्टेंबरमध्येच मंडळातल्या एका जुन्या साथीदाराने त्यांच्या घरी बसून आठवड्यातून एकदा दोन भजने म्हटली असती, तर गावाशी काही संबंध न लावता त्यांचा एक धागा टिकला असता. साथीदार तयार होता का, हे विचारलेच गेले नाही.

मुलीकडे लक्ष उशिरा गेले. शाळेत पोषण आहाराच्या पंगतीत ती टोकाला बसते हे शिक्षकांना ऑगस्टपासून माहीत होते, आणि पंगतीची जागा बदलायला एक वाक्य पुरले असते. कार्यकर्ती शाळेत पोचली ती नोव्हेंबरमध्ये.

तक्रार न करण्याच्या निर्णयावर केंद्रातच दोन मते आहेत. एका मताप्रमाणे वहीत एकतीस नोंदी असताना तक्रार करायला हवी होती, कारण न केल्याने अध्यक्षांना काहीच किंमत मोजावी लागली नाही. दुसऱ्या मताप्रमाणे तक्रार झाली असती तर सतरा घरांना साक्षीला बोलावले गेले असते, आणि त्यातली किती ‘मले काही माहीत नाही’ म्हणाली असती हे चावडीवर आधीच दिसले होते. निर्णय शेवटी बाईचा होता आणि तिने थांबायचे ठरवले. तिसऱ्या वर्षाचा हिशोब मात्र अजून भिंतीवर लागलेला नाही.

वही तिच्याकडेच आहे. शेवटची नोंद जानेवारीतली: ‘सकाळी १०, चक्की. डब्बा रांगेत चौथा होता, चौथाच दळला.’